भातावर उद्याची तारीख

त्या दुपारी वहिनी जिना उतरून आली ती भाताचा डबा घेऊन. मला वाटलं, भात उरला असेल, मला द्यायला आली. पण तिने डबा टेबलावर ठेवला नाही की माझ्यापुढे केला नाही. छातीशी धरून दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "वन्सं, आज तारीख किती?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यात चौथीचा निकाल मी अजून आणायला गेलेले नाही, पण आकडे मला येतात. म्हटलं, तेरा.

तिने डबा वळवून झाकण माझ्याकडे केलं. झाकणावर पांढरी कागदी पट्टी, पट्टीवर निळ्या शाईत तिचं ठसठशीत अक्षर. भात. चौदा तारीख. दुपारी एक.

मी परत कॅलेंडर बघितलं, मग घड्याळ बघितलं. दीड वाजला होता. म्हणजे डब्यातला भात उद्या दुपारी शिजायचा होता. झाकण उघडलं तर आत भात होता, अर्धा डबा, मोकळा, पांढरा, गार.

दुसऱ्या कोणाच्या डब्यावर अशी चूक दिसली असती तर मी हसले असते आणि चहा टाकला असता. पण ही माझी वहिनी. हिच्या हातून तारीख चुकणं म्हणजे सूर्य दहा मिनिटं उशिरा आला म्हणण्यासारखं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. ती दोघं दुसऱ्या मजल्यावर, मी त्यांच्या बरोबर खाली, पहिल्यावर. माझे यजमान जाऊन बारा वर्षं झाली. मुलं त्यांची आणि माझी, सगळी लांब. तिघांची वयं मिळून दोनशे पंचवीसच्या वर जातात. त्यामुळे एकमेकांच्या घरात आम्हाला बेल वाजवायची सवय राहिलेली नाही.

वहिनीने एका मोठ्या इस्पितळाच्या भटारखान्यात एकतीस वर्षं काढली. ती स्वयंपाकीण नव्हती. तिचं काम वेगळंच होतं, आणि असलं काम असतं हे तिचं लग्न होऊन ती आमच्या घरात आली तेव्हा मला कळलं. ती नमुने ठेवायची. प्रत्येक वेळचं जेवण तयार झालं की प्रत्येक पातेल्यातून दोन-दोन चमचे काढायचे, काचेच्या स्वच्छ बरणीत भरायचे, झाकण लावायचं, पट्टीवर पदार्थ, तारीख, वेळ लिहायची आणि नमुन्यांच्या फ्रिजमध्ये ठेवायचं. तीन दिवस. त्या तीन दिवसांत इस्पितळात कोणाला उलट्या-जुलाब झाले तर ती बरणी तपासायला जायची. कोणाला काही झालं नाही तर चौथ्या दिवशी सकाळी तिने ती स्वतःच्या हाताने ओतून द्यायची. तिथला मोठा स्वयंपाकी तिला म्हणायचा, बाई, माझ्या हातचं जेवण लोक तीन तास लक्षात ठेवत नाहीत, तू तीन दिवस ठेवतेस. तोच तिला तारीखबाई म्हणायला लागला. पुढे डॉक्टर म्हणायला लागले, मग आख्खं इस्पितळ, आणि शेवटी आमच्या जिन्यातली मुलंसुद्धा.

नोकरी सुटली पण पट्टी सुटली नाही. घरच्या फ्रिजला तोच कायदा. शिजलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे. मोठं पातेलं तसंच ढकलायचं नाही, उथळ डब्यांत काढायचं, म्हणजे ते मधोमध गरम राहत नाही. फ्रिजमध्ये एक बोटभर थर्मामीटर टांगलेला. तो चार अंशांच्या वर गेला की फ्रिजची चौकशी सुरू. भाजी, डाळ, रस्सा, अंडी, जे काय शिजलेलं असेल ते तीन दिवस. भात एकच दिवस, भाताचे लाड नाहीत. बाहेर काढून गरम करायचं ते एकदाच, आणि नीट वाफा येईपर्यंत. मी वास घेऊन ठरवायची. त्यावर ती चिडायची. म्हणायची, वन्सं, दूध नासलं तर तुमचं नाक सांगेल, पण जे माणसाला आडवं करतं त्याला वास असतोच असं नाही. दादा तर म्हणायचा, नशीब माझं, लग्नाच्या दिवशी माझ्या पाठीवर पट्टी लावायला विसरली, नाहीतर चौथ्या दिवशी मी बाहेर.

तर अशी ही बाई माझ्या दारात उद्याचा भात घेऊन उभी होती.

मी तिला बसवलं, पाणी दिलं. मग तिने सांगितलं ते असं. हे आजचं नव्हतं. महिना झाला होता. डब्यांवरच्या तारखा पुढे सरकत होत्या. सोमवारी ठेवलेला वाटाणा तिला पक्का आठवायचा. गुरुवारी टाकायला म्हणून काढावा तर पट्टीवर बुधवारची तारीख. बटाट्याची भाजी, तेच. कोबी, तेच. खाडाखोड नाही, पट्टी फाटलेली नाही, शाई पसरलेली नाही. आणि अक्षर तिचंच. तिचा चार म्हणजे शेपटीला एक जास्तीचा हेलकावा असलेला, आणि वेळेखाली ती दोन रेघा मारते, एक लांब आणि एक आखूड. ते सगळं जसंच्या तसं.

मी म्हटलं, अगं, आपलं वय झालंय, मीही चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधते.

ती हसली नाही. तिच्या आईचं मला ऐकून माहीत होतं, पण त्या दिवशी तिने पहिल्यांदा नीट सांगितलं. आईचं असंच सुरू झालं होतं, छोट्या गोष्टींपासून. शेवटी शेवटी आई चहाचे दोन कप करायची. एक आपला आणि एक त्या बाईचा. कोणती बाई विचारलं की म्हणायची, घरात एक बाई येते, सगळी भांडी घासते, कपड्यांच्या घड्या घालते आणि मी बघायला गेले की निघून जाते. ती बाई म्हणजे आईच होती. आपणच केलेलं काम तिला परक्याचं वाटायचं.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "ती बाई आता माझ्या घरी आली आहे का, एवढंच मला कळायला हवं."

बाहेर भर दुपार होती, समोरच्या गच्चीवर कोणाच्या तरी चादरी वाळत होत्या. तरी मला उठून दार लावून घ्यावंसं वाटलं.

दादाला तिने काही सांगितलेलं नव्हतं. कारण दुसरंच होतं. दादाचं पोट पंधरा दिवस बिघडलेलं होतं. डॉक्टरने वयावर ढकलून गोळ्या दिल्या होत्या. वहिनीला वाटत होतं, ते आपण केलं. चुकीच्या तारखा घातल्या, शिळं ताजं समजून वाढलं. एकतीस वर्षं मी आठशे माणसांचं जेवण सांभाळलं, म्हणाली, आणि घरात एक माणूस, त्यालाच आजारी पाडलं. आणि हे मुलाच्या कानावर गेलं की तो पहिल्या गाडीने येईल, गॅस बंद करील, बाहेरून डबा लावून देईल. मग मी दिवसभर काय करू, खिडकीत बसून माझी आई होऊ?

त्यावरचा उपायही तिलाच सुचला. ज्या कामात माणसाचा जन्म गेला ते काम अडचणीला धावतं. ती म्हणाली, आपण नमुने ठेवू. मी वर जे शिजवीन त्यातले दोन चमचे रोज तुमच्याकडे आणीन. बरणी तुमच्या फ्रिजमध्ये राहील. पट्टी तुम्ही लिहायची, माझ्या हाताने नाही. माझ्या डब्यावरची तारीख हलली तर तुमची बरणी सांगेल.

मला जन्मात कोणी लिहिण्याचं काम दिलं नव्हतं. मी माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहायला लागले. गाजर, पंधरा. डाळ, पंधरा. माझा पाच पोट सुटलेल्या माणसासारखा येतो. वहिनी बघायची, पण चूक काढायची नाही.

चार दिवसांत माझ्या फ्रिजचं रूप पालटलं. आधी त्यात दूध, चार मिरच्या आणि माझं औषध असायचं. आता तीन रांगांत बरण्या. दार उघडलं की दिवा लागायचा आणि त्या बरण्यांतून पिवळं, हिरवं, लाल असं काहीबाही माझ्याकडे बघायचं. जेवणाचंच होतं सगळं, पण दोन चमचे जेवण काचेत बंद करून ठेवलं की ते जेवण वाटत नाही. इस्पितळात टेबलावर ठेवतात तसलं काहीतरी वाटतं. दूध काढताना मी दुसरीकडे बघायची.

माझ्या बरण्यांवरच्या तारखा हलत नव्हत्या. रोज सकाळी मी बघायची, देवाशप्पथ, जिथल्या तिथे. वरच्या हलत होत्या.

अठरा तारखेला ती वाटाण्याचा डबा घेऊन खाली आली. माझ्याकडची बरणी काढली. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. तोच वाटाणा, तोच रस्सा, वर साय धरल्यासारखा थर तोच. माझ्या बरणीवर पंधरा. तिच्या डब्यावर सतरा, तिच्या अक्षरात. आम्ही दोघी त्या दोन पट्ट्यांकडे बघत बसलो. माझ्या फ्रिजची मोटर घरघरत सुरू झाली तेव्हा दोघी दचकलो, आणि दचकलो याची लाज वाटून पुन्हा पट्ट्यांकडे बघायला लागलो.

"घरात मी आणि ते," शेवटी ती म्हणाली. "आणि ते तर समोर दिसेल तो डबा खातात, झाकणावर काय लिहिलंय ते बघतही नाहीत."

ते खरं होतं. दादा स्वयंपाकघरात पाहुण्यासारखा यायचा, खायचा आणि जायचा. त्याचा संशय तिलाही आला नाही, मलाही नाही. म्हणजे उरली कोण?

त्यानंतर दोन दिवसांनी ती मला वर घेऊन गेली. दादा कट्ट्यावर गप्पा मारायला गेला होता. तिने फ्रिज उघडला आणि नुसतं बोट दाखवलं. मधल्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात, जिथे ती रस्सा ठेवते तिथे रस्स्याचा डबा. झाकणावर पट्टी. रस्सा, वीस तारीख, सकाळी अकरा. खाली दोन रेघा. तिने झाकण काढलं. डबा रिकामा. घासलेला, पुसलेला, कोरडा. त्या दिवशी तिने रस्सा केलाच नव्हता.

मी तो डबा हातात घेतला. गार होता, म्हणजे बराच वेळ आत होता. काहीच नसलेलं कोणीतरी नीट झाकून, तारीख घालून, थंड ठेवलं होतं. मला नीट आठवतं, मी माझे हात पदराला पुसले.

आता दादाबद्दल सांगते. दादा पेंटर. भिंती रंगवणारा नव्हे, पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या पाट्या. निम्म्या गावाची नावं त्याच्या हाताने लिहिलेली होती. पुढे छापील फलक आले आणि त्याचे ब्रश डब्यात उभे राहिले ते राहिलेच. आम्ही दोघं लहान असताना आमच्या घरात उरणं नावाची गोष्ट नव्हती. पातेलं पुसून खायचं आणि मग पातेल्याकडे बघत बसायचं. मी त्यातून बाहेर आले. दादा आला नाही, हे मला चोवीस तारखेला कळलं.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला वहिनी भाजी आणायला गेली. मी तिच्या रिकाम्या बरण्या परत द्यायला वर गेले. दार लोटलेलं होतं. आत गेले आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकले.

फ्रिज उघडा होता. आतल्या दिव्याचा उजेड एका वाकलेल्या पाठीवर पडला होता. ओट्याच्या कडेला कागदी पट्टीचा तुकडा चिकटवलेला, आणि ती आकृती त्यावर लिहीत होती. डावा खांदा खाली, मान जरा तिरपी, लिहिताना कोपर पोटाशी. अगदी वहिनी लिहिते तशी. मी शप्पथ घेऊन सांगते, एक क्षण मला वहिनीच दिसली. आणि वहिनी तर माझ्या डोळ्यांदेखत पिशवी घेऊन जिना उतरली होती. ती बाई हीच, असं मनात आलं. येते, लिहिते आणि जाते.

मग ती आकृती खोकली, आणि तो दादाचा खोकला होता.

मी हाक मारली. तो दचकला नाही. आधी चारची शेपटी पुरी केली, तिला तो जास्तीचा हेलकावा दिला, मग मान वर केली. पेंटर माणूस, अक्षर अर्धवट टाकत नाही. मला बघून तो ओशाळा हसला, लहानपणी गुळाच्या डब्यात सापडायचा तसा.

त्याने सांगितलं ते सगळं सरळ होतं. ती चांगलं अन्न टाकते. आज वाटाणा टाकणार होती. म्हणून तो एक-दोन दिवस तारीख पुढे ढकलतो, आणि ती बाहेर गेली की उभ्या उभ्या खाऊन टाकतो. तिच्या ताटात तो डबा कधी जाऊ देत नाही, आधीच संपवतो. मग तिला सांगतो, संपवलं बरं का, आणि ती खूष होते. महिनाभर चाललं होतं. नव्या पट्ट्यांचं बंडल त्याने ब्रशांच्या डब्यात लपवलं होतं.

मी म्हटलं, तुझं पोट कशाने बिघडलंय मग? तो म्हणाला, वयाने. डॉक्टर म्हणालाय.

मग मी त्याला वहिनीचं सांगितलं. माझ्या फ्रिजमधल्या बरण्या, तिची आई, सगळं. सांगताना मी रागावले होते, पण त्याचा चेहरा बघून राग टिकेना. तो खालीच बसला, फरशीवर, हातात पेन तसंच.

"मला वाटलं तिच्या लक्षातच येत नाही," तो म्हणाला.

"तेच तिलाही वाटत होतं," मी म्हटलं.

वहिनी आली तेव्हा आम्ही दोघं फरशीवर बसलेलो. फ्रिजचं दार अजून उघडं. तिने आधी ते लावलं, मग पिशवी खाली ठेवली, मग विचारलं काय झालं. दादाने सांगितलं. तिने त्याला समोर बसवून एक पट्टी लिहायला लावली. ती आपल्या जुन्या पट्टीशेजारी धरली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. तिला फरक सापडेना.

आणि आधी कशावर भडकली असेल? पोटावर. पाच-सहा दिवसांचा वाटाणा खाल्लात, गरम तरी केला होतात का? दादा म्हणाला, उभ्या उभ्या खाताना गॅस कोण लावणार. म्हणजे गारच खाल्लात, असं म्हणून तिने त्याला जे काय ऐकवलं ते इस्पितळातल्या मोठ्या स्वयंपाक्यालाही ऐकावं लागलं नसेल. मग एकदम खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "वन्सं, मी नव्हते. मी नव्हते लिहीत."

तिने चहा केला. तिघांचे तीन कप, मी मोजले. आयुष्यात इतका गोड चहा मी प्यायले नव्हते, साखर तिने दोनदा घातली होती. तेव्हाच मी उठून खाली जायला हवं होतं.

पण तिला सवय तपासणीची. इस्पितळात काही झालं की एकेक बरणी काढून विचारायचे, ही कधीची, ही कोणाची. ती चहा पिता पिता बोटांवर मोजायला लागली. सोमवारचा वाटाणा? दादा म्हणाला, मीच. बटाटा? मी. कोबी? मी. अंड्यांचा डबा? तोही मीच. प्रत्येक 'मी'ला तिचा चेहरा उजळत होता. असे सात डबे झाले.

"आणि तेरा तारखेचा भात?"

"भाताला मी हात लावत नाही गं," दादा सहज म्हणाला. "भाताला तू एकच दिवस देतेस म्हणून तो मी त्याच दिवशी संपवतो. तुला सांगूनच खातो की."

"त्यावर चौदा तारीख होती."

"मग ती मी कशाला घालीन? उद्याची तारीख घातली तर तू पकडशील ना मला. मी नेहमी..."

तिथे त्याला कळलं. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते, म्हण हो, म्हण मीच, पण माझे डोळे त्याने उशिरा वाचले. बाहेर जिन्यात कोणीतरी शिट्टी वाजवत वर चाललं होतं. ती शिट्टी आमच्या दारावरून गेली, तिसऱ्या मजल्यावर गेली, एक दार उघडलं आणि लागलं.

"आणि रस्स्याचा रिकामा डबा?" वहिनीने विचारलं. अगदी हळू.

दादा म्हणाला, "तो मीच ठेवला. गंमत म्हणून."

वहिनीने त्याचा रिकामा कप उचलला, आपला उचलला, माझा उचलला आणि नळाखाली धरले.

"तुम्हाला खोटं फक्त लिहिता येतं," ती पाठमोरीच म्हणाली, "बोलता येत नाही."

पुढच्या आठवड्यात तिघं मिळून मोठ्या डॉक्टरकडे गेलो. त्याने तिला घड्याळ काढायला सांगितलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, उलटे आकडे म्हणायला लावले. आकड्यांत ती पहिली आली, शब्दांत दोन सुटले. सुरुवात आहे, डॉक्टर म्हणाला. हळू जाईल, सवयीची कामं चालू ठेवा, हातातली कामं काढून घेऊ नका. परत येताना दादा रिक्षात तिच्याकडे बघेना, बाहेरच्या पाट्या वाचत होता. मला वाटतं महिनाभर त्याच्या खोट्या तारखांच्या आड तिच्या दोन खऱ्या चुका लपून राहिल्या, हे त्याला टोचत होतं. किंवा त्याच्यामुळेच त्या लवकर सापडल्या, असंही असेल. मी दोन्ही त्याला बोलून दाखवलं. एकाचाही उपयोग झाला नाही.

घरी पोचल्यावर वहिनीने फ्रिजवरचं पेन काढून दादाच्या हातात दिलं. म्हणाली, यापुढे तुम्ही लिहा, पण खरं लिहा. दादाने विचारलं, कोणत्या अक्षरात? त्याला पाच प्रकारची अक्षरं येतात. ती म्हणाली, माझ्याच. दुसऱ्या कोणाच्या अक्षरावर माझा भरवसा नाही.

याला आता दोन वर्षं होतील. वहिनी अजून स्वयंपाक करते, दादा बाजूला स्टुलावर बसून राहतो. गॅस तो बंद करतो. शिजलं की दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढतो, थर्मामीटर बघतो, पट्टी लावतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेलं तोच टाकतो. पहिल्या वेळी मी होते तिथे. बादलीवर डबा उलटा धरला आणि हात थांबला. मग चमच्याने खरवडून टाकलं, एक दाणा ठेवला नाही, आणि तोंड धुवायला म्हणून बराच वेळ मोरीत होता. मुलाला त्यांनी सगळं कळवलं. तो आला, चार दिवस राहिला, फ्रिज बघितला आणि गॅस तसाच ठेवून गेला.

वहिनी कधी कधी माझं नाव विसरते. वन्सं मात्र विसरत नाही, त्यामुळे माझं काही अडत नाही. मधूनच विचारते, इस्पितळात आज कोणाला काही झालं का? मी म्हणते, कोणालाही नाही. मग ती म्हणते, मग ओतून द्या चौथ्या दिवशी.

परवा दुपारी वर गेले तर ती फ्रिज उघडून उभी. आतल्या उजेडात एकेका डब्यावर बोट ठेवून वाचत होती. गाजर. डाळ. भात. सगळ्या तारखा बरोबर, वेळेखाली एक लांब रेघ, एक आखूड. दादा मागे स्टुलावर. सदऱ्याच्या खिशाला पेन, टोपण न लावलेलं, आणि खिशाखाली निळा डाग पसरलेला.

मला बघून ती वळली. चेहरा इतका शांत मी या दोन वर्षांत बघितला नव्हता.

"वन्सं, बघा," ती म्हणाली, "एवढं वय झालं, पण माझं अक्षर जरासुद्धा हललं नाही."

मी दादाकडे बघितलं नाही. चष्मा लावला, वाकले आणि एकेक पट्टी नीट वाचली.

"नाही हललं," मी म्हटलं.

"आणि सगळं मीच लिहिते."

"तूच लिहितेस," दादा मागून म्हणाला. या वेळी त्याला बोलताही आलं.